काफे ताकुबा : ड्रमर नाही, इंग्रजी नाही, तरी एवढे मोठे कसे झाले?

टेपरेकॉर्डर
नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे आमच्या घरात एकच गाणं चालू आहे. लेक रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिश शिकते. वर्गात एक कागद मिळाला होता, गाणं ऐका आणि गाळलेल्या जागा भरा. गाणं 'एरेस', म्हणजे 'तू आहेस'. जागा पहिल्याच संध्याकाळी भरून झाल्या, गाणं मात्र थांबायचं नाव घेईना. आता पोळ्या लाटताना बायकोही 'एरेस' म्हणते आणि मी उगाच मागे वळून बघतो.

म्हणून बँडचा शोध घेतला. काफे ताकुबा, मेक्सिको. १९८९ मध्ये सुरुवात, आणि अजून तेच चौघे : रुबेन आल्बारान गातो, मेमे देल रेआल कीबोर्डवर, होसेलो आणि किके रान्हेल हे सख्खे भाऊ गिटार आणि बेसवर. ड्रमर नाहीच! सुरुवातीची कित्येक वर्षं ड्रम मशिनवर काढली. गाणी सगळी स्पॅनिशमध्ये. तरी ग्रॅमी मिळवलं, अमेरिकेत दौरे केले.

माझा प्रश्न साधा आहे. रॉक म्हणजे इंग्रजी असं जगभर धरून चाललेले असताना हे लोक वर आले कसे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बोरकूट
शीर्षक वाचून खाऊगल्लीचा धागा समजून आलो. निराश होऊन परत जात आहे.

केरेतारोकर
बोरकूट, थांबा, खाण्याचंही आहे!

या विषयावर मराठीत धागा निघेल असं वाटलं नव्हतं. मी आठ वर्षं केरेतारोला आहे, मेक्सिको सिटीपासून बसने तीनेक तास. बँडचं नाव एका खऱ्याखुऱ्या उपाहारगृहावरून आलं आहे. 'काफे दे ताकुबा', मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात, ताकुबा रस्त्यावर, १९१२ पासून चालू. भिंतींवर निळ्या-पिवळ्या फरशा, आणि वाढणाऱ्या बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या कापडाचा केवढा तरी मोठा बो. मी तिथे एन्चिलादा खाल्ल्या आहेत. एकदा खाव्यात, दुसऱ्यांदा कोपऱ्यावरच्या टपरीवर जावं. १९३६ मध्ये तिथेच बेराक्रूस राज्याच्या नवनिर्वाचित गव्हर्नरला गोळ्या घातल्या होत्या, त्यामुळे जागेला इतिहासही आहे.

बँडने नाव उचललं, आणि कायद्याची भानगड नको म्हणून पुढे स्पेलिंगमध्ये 'यू'च्या जागी 'व्ही' घातला. त्याआधीचं नाव होतं 'आलिसिया या नो बीबे आकी', म्हणजे 'आलिसिया आता इथे राहत नाही'. ते एका हॉलिवूडपटाच्या नावावरून.

मुलं मात्र त्या जुन्या शहरातली नव्हेत. ती सियुदाद सातेलितेची, म्हणजे राजधानीच्या वायव्येला पन्नासच्या दशकात आखून वसवलेलं उपनगर. रुंद रस्ते, स्वतःच्या गाड्या, आणि वेशीवर लुईस बारागान आणि मातियास ग्योरित्झ यांनी उभारलेले पाच रंगीत मनोरे. घरात अमेरिकन टीव्ही, कपाटात इंग्लिश बँडच्या रेकॉर्डी. अशी मुलं आजोबांच्या काळातल्या उपाहारगृहाचं नाव घेतात, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं.

पहिल्या वर्षी ऑफिसच्या डिसेंबरातल्या जेवणाला गेलो होतो. आमच्या अकाउंट्समधल्या एक पन्नाशीच्या बाई, वर्षभरात माझ्याशी चार वाक्यंही बोलल्या नव्हत्या. या बँडचं 'ला इंग्राता' लागलं आणि त्या हातातली प्लेट माझ्या हातात देऊन नाचायला गेल्या. मी गाणं संपेपर्यंत दोन प्लेटा धरून उभा.

शेवग्याची शेंग
दोन प्लेटा धरून उभा :)) आपल्याकडे लग्नात 'झिंगाट' लागल्यावर माझी हीच अवस्था असते.

खवट म्हातारा
धाग्यात भाबडेपणा फार होतोय. म्हणून थोडं मीठ टाकतो.

कुठलाही बँड नुसत्या मातीच्या वासावर मोठा होत नाही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आरिओला कंपनीने 'रॉक एन तू इदियोमा', म्हणजे 'तुझ्या भाषेतला रॉक', अशी जाहिरात मोहीम काढली. माल आधी अर्जेंटिना आणि स्पेनमधून आणला. ब्युनोस आयर्सचा 'सोदा स्तेरेओ' बँड तोवर अख्ख्या खंडात फिरत होता. आणि अर्जेंटिनात तरी स्थानिक रॉक का फोफावला? १९८२ मध्ये ब्रिटनशी फॉकलंड युद्ध पेटलं, रेडिओवर इंग्रजी गाणी बंद झाली, तेवढा वेळ भरायला घरचीच पोरं लागली. मग मेक्सिकोत 'कायफानेस' हा बँड आला. त्यांनी १९८८ मध्ये 'ला नेग्रा तोमासा' हे जुनं क्यूबन गाणं वाजवलं आणि ते लाखांनी खपलं. तेव्हा कंपन्यांना कळलं की इथे पैसा आहे. काफे ताकुबाला वॉर्नरने घेतलं, पहिला अल्बम १९९२. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९३ ला, एमटीव्ही लातिनो सुरू. आयता चॅनेल, अनेक देश, एकच भाषा. रस्ता तयार होता, हे त्यावरून चालले. चांगले चालले, एवढं मान्य.

आणि खपाचंच म्हणाल तर ग्वादालाहारा शहराचा 'माना' हा बँड ताकुबापेक्षा कितीतरी पुढे आहे. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही.

घोरपड
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गवती चहा
खवटकाका, रस्ता तयार होता म्हणता, पण त्याआधी तो वीसेक वर्षं खणून ठेवला होता हे विसरलात.

सप्टेंबर १९७१. बाये दे ब्राबोजवळ आवान्दारोला रॉकचा मोठा मेळा झाला. दोन लाखांच्या आसपास माणसं, पाऊस, चिखल. तीन वर्षांपूर्वीच त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या होत्या, आणि त्याच जूनमध्ये पुन्हा मोर्चावर हल्ला झाला होता. सरकारला तरुणांची कुठलीही गर्दी नको होती. रेडिओवर थेट प्रक्षेपण चालू असताना एका बँडच्या गायकाने शिवी हासडली आणि प्रक्षेपण तोडलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत नग्नता, गांजा, अधःपतन. त्यानंतर रॉक रेडिओवरून आणि मोठ्या सभागृहांतून जवळजवळ हद्दपार झाला. तो जिवंत राहिला शहराच्या कडेच्या गोदामांत आणि पडक्या थिएटरांत. त्या जागांना 'ओयोस फोन्कीस' म्हणत. ओयो म्हणजे भोक, बीळ.

आता गंमत बघा. आवान्दारोच्या काळातले बरेच मेक्सिकन बँड इंग्रजीत गात होते. 'ला रेबोलुसियोन दे एमिलियानो सापाता' असं ज्वलंत नाव घेतलेल्या बँडचं गाजलेलं गाणंही इंग्रजीच. टेपरेकॉर्डर, त्यामुळे तुम्ही विचारलेला प्रश्न मेक्सिकोतही विचारला जायचा. 'स्पॅनिशमध्ये रॉक बसत नाही, शब्द लांब होतात' हे तिथले लोकच म्हणत.

खवट म्हातारा
बिळाचा मुद्दा मान्य. माना राहिलेच.

जुईली
मानावर वेगळा धागा काढा, मी येणार नाही :)

मला कंपन्यांपेक्षा अल्बमवर बोलायचंय. १९९४ चा 'रे'. एका अल्बममध्ये वीस गाणी, आणि शेजारशेजारच्या दोन गाण्यांचं गोत्र जुळेल तर शपथ. 'ला इंग्राता' उत्तर मेक्सिकोची अकॉर्डियनवाली पोल्का. 'एस्सा नोचे' बोलेरो, पूर्वीच्या रडव्या प्रेमगीतांसारखा. 'एल बोर्रेगो' म्हणजे कानात स्टीलचं पातेलं. 'एल फिन दे ला इन्फान्सिया' मध्ये गावच्या जत्रेतली पितळी वाद्यं. 'एल सिक्लोन' फंक. बीटल्सच्या व्हाइट अल्बमशी तुलना होते ती यामुळेच.

आणि या सगळ्याच्या खाली तो ड्रम मशिन! माझ्या मते तो तोटा नव्हताच. खरा ड्रमर असता तर त्याच्या हाताची एक सवय असती, आणि वीसही गाणी त्याच सवयीवर बसली असती. मशिनला सवय नाही. आज पोल्का सांग, उद्या बोलेरो सांग. त्याच्यावर किकेचा उभा मोठा बेस आणि मेमेची तोंडाने फुंकायची मेलोडिका. ऐकताना ती स्वस्त टिक-टिक स्पष्ट कळते, आणि तरीही पाय हलतो.

शेवग्याची शेंग
जुईलीताईंची लिस्ट घेऊन 'रे' लावला. त्यात 'एल मेत्रो' नावाचं गाणं आहे, अर्थ शोधला. माणूस मेट्रोच्या डब्यात शिरतो आणि त्याला बाहेरच पडता येत नाही. तीन-चार महिने झाले, अजून आतच.

हा माणूस दादरला विरार फास्टमध्ये चढला होता आणि त्याला वांद्र्याला उतरायचं होतं.

कोपऱ्यातला
हाहाहा. मंडळ आभारी आहे.

बोरकूट
परत आलो. धागा वाटला त्यापेक्षा बरा आहे. त्या माणसाने दाराजवळ उभं राहायला हवं होतं.

खवट म्हातारा
जुईली, एवढं सगळं खरं. पण ते नीट रेकॉर्ड कुणी केलं? निर्माता गुस्तावो सांताओलायाने. माणूस अर्जेंटिनाचा. तिथे लष्करी राजवट असताना १९७८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. त्याने आणि आनिबाल केर्पेलने माल्दिता बेसिन्दाद आणि मोलोतोव्ह हे बँड, गायिका हुलिएता बेनेगास, सगळ्यांना हात लावलाय. गावोगावची वाद्यं आणि रॉक एकत्र शिजवायचं हे त्याचं तरुणपणापासूनचं वेड, सत्तरच्या दशकात त्याचा आर्को इरिस बँड तेच करत होता. चौघांना श्रेय द्या, पण स्वयंपाकघरात आचारी होता हे विसरू नका.

घोरपड
एक मिनिट. सांताओलाया म्हणजे 'द लास्ट ऑफ अस' गेमवाला?? ते तारेचं एकटं वाद्य?

जुईली
तोच. दोन ऑस्करही आहेत, 'ब्रोकबॅक माउंटन' आणि 'बेबेल' साठी, लागोपाठ दोन वर्षं.

घोरपड
मी त्या गेममध्ये शंभरेक तास घालवलेत आणि आज कळतंय. पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

मोरपंखी
केरेतारोकर, तुमच्या त्या अकाउंट्सच्या बाई ज्यावर नाचल्या त्या 'ला इंग्राता'चे शब्द मी भाषांतर करून वाचले. 'इंग्राता' म्हणजे कृतघ्न बाई. ती सोडून गेली म्हणून तो तिला दोन गोळ्या घालायचं म्हणतो, आणि नंतर अंत्ययात्रेलाही येईन म्हणतो. हे नाचायचं गाणं आहे?

कोपऱ्यातला
ताई, ते विडंबन आहे. जुन्या मर्दानी गाण्यांची टिंगल. तुम्ही शब्दशः घेताय.

मोरपंखी
टिंगल कळते मला. चौकात पाच हजार लोक ते एका सुरात म्हणतात तेव्हा टिंगल कुणाची चालली आहे, ते मला विचारायचंय.

कोपऱ्यातला
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

केरेतारोकर
मोरपंखी, हा प्रश्न बँडने स्वतःला विचारला. २०१७ मध्ये रुबेनने जाहीर सांगितलं की हे गाणं आता वाजवणार नाही. मेक्सिकोत बायकांच्या खुनांचे आकडे रोज पेपरात येतात, अशा देशात गाणं पूर्वी गमतीत लिहिलं होतं म्हणून ते चालवून घ्यायचं का, असा त्याचा सूर होता. त्यावर इकडे रण पेटलं. अर्धे लोक म्हणाले शाब्बास, अर्धे म्हणाले मग अर्धी लोकगीतं बंद करा. पुढे २०१९ मध्ये एमटीव्हीच्या दुसऱ्या 'अनप्लग्ड' मैफलीसाठी विद्यापीठाच्या नेसाहुआल्कोयोत्ल सभागृहात त्यांनी ते पुन्हा केलं, पण कोलंबियाची गायिका आन्द्रेआ एचेबेर्री हिला बरोबर घेऊन आणि शब्द बदलून. तिथे बाई उलट उत्तर देते.

आमच्या ऑफिसात गेल्या डिसेंबरला ते लागलं तेव्हा दोन तरुण मुली नाचता नाचता थांबून खुर्चीवर जाऊन बसल्या. अकाउंट्सच्या बाई नाचत राहिल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही.

मोरपंखी
बदललेलं ऐकलं. आवडलं. जुनी चाल मात्र डोक्यातून जात नाहीये, ही माझी अडचण.

तिरफळ
गोव्यातून रामराम. अवांतर : हा रुबेन दर काही वर्षांनी नाव बदलतो म्हणे? हुआन, कोस्मे, आनोनिमो, एल्फेगो बुएन्दिया... एका काळात 'सिझु यंत्र' होता. यंत्र! आमच्या भटजींना सांगितलं, ते म्हणाले ताईत बांधून दे त्याला.

गंभीर मुद्दा. खवटराव, परक्या वाद्यांत घरचं गाणं घालायला रेकॉर्ड कंपनीची मोहीम लागते असं नाही. आमच्याकडे साठ-सत्तरच्या दशकात ख्रिस पेरी आणि लॉर्नाने ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर कोंकणी गाणी केली, ती अजून लग्नात वाजतात. भाषा आड आली नाही. आड आली ती ऐकणाऱ्यांची संख्या.

गवती चहा
तिरफळ, तुमच्या शेवटच्या वाक्याला +१. स्पॅनिश हे दीड-दोन डझन देशांचं मैदान आहे. मेक्सिकोतला बँड चिलीत विनाभाषांतर ऐकला जातो. ताकुबाने चिलीच्या 'लोस त्रेस' या बँडची गाणी घेऊन २००२ मध्ये एक छोटी सीडीच काढली होती. ही चैन आपल्याला नाही.

खवट म्हातारा
म्हणजे शेवटी बाजारच. मी काय वेगळं म्हणत होतो?

जुईली
बाजारच असता तर त्यांनी १९९९ मध्ये 'रेबेस/यो सोय' काढलाच नसता! दोन सीडी, त्यातली एक पूर्ण वाद्यसंगीताची. रॉकवाल्यांना कळेना नाचायचं कुठे, कंपनीला कळेना विकायचं कुणाला. खप बेताचाच, आणि पुढचा अल्बम दुसऱ्या कंपनीकडे. पण पहिल्याच लॅटिन ग्रॅमीत, २००० मध्ये, सर्वोत्तम रॉक अल्बम तोच. क्रोनॉस क्वार्टेटसारखे अभिजात तंतुवाद्यवाले त्यांची रचना वाजवायला लागले ते त्याच सुमारास. त्याआधीचा १९९६ चा अल्बम तर सगळा दुसऱ्यांच्या गाण्यांचा, आठच गाणी. डोमिनिकन हुआन लुईस गेर्राचं 'कॉफीचा पाऊस पडो' हे गाणं त्यांनी उचलून मेक्सिकोच्या वास्तेका भागातल्या व्हायोलिनच्या चालीत बसवलं, आणि ते तिथलंच वाटायला लागलं.

केरेतारोकर
जुईली, 'रेबेस'बद्दल थोडा असहमत. आदर आहे, पण गाडीत दोनदा लावून दोनदा बंद केला आहे. त्या १९९६ च्या अल्बममधलं खरं रत्न म्हणजे 'चिलांगा बान्दा'. मूळ गाणं हाइमे लोपेसचं. राजधानीची बोली, आणि जवळजवळ प्रत्येक शब्दात 'च'. हा 'चहा'तला च, 'चाक'मधला नव्हे. मी सहा वर्षांनी ते न अडखळता म्हणून दाखवलं तेव्हा शेजारच्या टॅक्सीवाल्याने त्या दिवसाचं भाडं घेतलं नाही. नागरिकत्वाची परीक्षा यापेक्षा सोपी असावी.

एकदाच प्रत्यक्ष ऐकलंय त्यांना. 'देखाते काएर' या गाण्याला चौघं वाद्यं सोडून रांगेत उभे राहून एका तालात नाचतात. ठरवून केलेली पावलं, शाळेच्या गॅदरिंगसारखी. उड्यांमध्ये माझी डाव्या पायाची सँडल गेली ती गेलीच. बसस्टँडवर रात्री एक वाजता एका सँडलमध्ये उभा होतो आणि शेजारी आणखी एक जण तसाच. त्याची उजवी गेली होती. मापं जुळली नाहीत.

बोरकूट
हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

टेपरेकॉर्डर
सर्वांचे आभार. दोन दिवस लोकलमध्ये हेच वाचतोय (उतरता आलं, काळजी नसावी).

लेकीला सगळं वाचून दाखवलं. 'एरेस' २००३ च्या 'क्वात्रो कामिनोस' मधलं आहे, आणि जुईली, त्याच अल्बमपासून त्यांनी खरा ड्रमर घेतला असं तीच म्हणाली. २००४ चं ग्रॅमीही त्यालाच. म्हणजे मी मूळ प्रश्नात 'ड्रमर नाही' म्हणत होतो आणि घरात तीन आठवडे ड्रमरवालंच वाजत होतं! गाणं रुबेनच्या आवाजात नसून मेमेच्या आवाजात आहे हेही तिनेच सांगितलं. 'क्वात्रो कामिनोस' हे मेट्रो स्टेशन आहे हे मात्र मी तिला सांगितलं. नकाशावर बघितलं, ताकुबाही त्याच मार्गावरचं स्टेशन, दोनच थांबे आधी.

खवटराव, बाजार होता, मोहीम होती, आचारी होता, सगळं पटलं. पण ते सगळं त्या काळात शंभर बँडना मिळालं असणार. त्यातले बहुतेक इंग्लिश बँडसारखं वाजायला धडपडत होते, आणि हे अकाउंट्सच्या बाईंना नाचता येईल असं वाजवत होते. मला तरी फरक तिथे दिसतोय.

खवट म्हातारा
चालेल. 'एस्सा नोचे' ऐकलं आज. दोनदा.

जुईली
काका!!

खवट म्हातारा
उगाच नाचू नका. बोलेरो मला पहिल्यापासून आवडतो.

टेपरेकॉर्डर
आता लेकीला वर्गात पुढच्या आठवड्यात स्वतः गाणं निवडून गाळलेल्या जागांचा कागद करायचाय. तिने 'चिलांगा बान्दा' निवडलंय. केरेतारोकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघाल का?

केरेतारोकर
बघितला. तिला सांगा, जागा कुठल्याही गाळ, सगळीकडे 'च'च येणार आहे.